बरे करणारा उपाय वस्तीपर्यंत का पोहोचत नाही?

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात व्यसनमुक्तीचे शिबिर झाले. बॅनर लागला, माईक आला, पाहुण्यांचा सत्कार झाला. एका डॉक्टरांनी तासभर भाषण केले आणि दारूने लिव्हर कसे खराब होते याची चित्रे पडद्यावर दाखवली. मग चहा-बिस्किटे, वहीत सह्या, फोटो. मंडळी निघून गेली ती पुन्हा काही आली नाहीत. ज्यांच्यासाठी शिबिर होते ते पुरुष त्या वेळी नाक्यावर कामाची वाट बघत उभे होते. समोर बसलो होतो आम्ही न पिणारे, आणि ज्यांच्या घरात पिणारा आहे अशा आयाबाया. अहवालात लाभार्थी म्हणून आमचीच डोकी मोजली गेली असणार.

त्या मंडळींवर राग काढण्यासाठी हे लिहीत नाही. मनाचे दुखणे आणि दारूचे व्यसन यांवर तपासून सिद्ध झालेले उपाय आज आहेत. ते परदेशातच आहेत असेही नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात ते सिद्ध झाले आहेत. मग आपल्या दारात भाषण का येते आणि उपचार का येत नाही? या प्रश्नाचाही रीतसर अभ्यास करता येतो. त्याला अंमलबजावणी संशोधन म्हणतात. नाव जड आहे, पण त्यातले प्रश्न आपल्या घरातले आहेत, म्हणून या वेळचे आरोग्याचे पान त्यालाच दिले आहे.

पोलिओची लस आठवा. लस शोधणे हे एक काम होते. ती बर्फाच्या डब्यातून, बिघडू न देता, वस्तीतल्या शेवटच्या झोपडीतल्या बाळाच्या तोंडात टाकणे हे दुसरे काम होते. दुसऱ्या कामासाठी वेगळी माणसे लागली, वेगळी मोजदाद लागली, घराच्या दारावर खडूने खूण करण्याची पद्धत लागली. मनाच्या उपचाराचे काम याहून अवघड, कारण इथे बाटलीत बंद केलेले औषध नाही. उपचार म्हणजे एका माणसाने दुसऱ्याशी ठराविक पद्धतीने केलेले बोलणे. ते तोंडातोंडी बदलत जाते. गोव्यात एका समुपदेशकाने जे केले तेच नागपुरात दुसऱ्याने केले की नाही, हे बाहेरून दिसत नाही.

आता आकडे बघू. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. उदासीनता, चिंता अशा नेहमी आढळणाऱ्या मानसिक आजारांच्या शंभर रुग्णांपैकी ८५ जणांना कोणताही उपचार मिळत नव्हता. दारूच्या व्यसनात हे प्रमाण ८६ टक्क्यांच्या वर होते. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यात महाराष्ट्र नव्हता, तेव्हा आपल्या राज्यातले नेमके चित्र त्यावरून सांगता येत नाही. तरी आपल्या गल्लीत नजर टाकली तर ते फार वेगळे असेल असे आम्हाला वाटत नाही. अंग दुखते, डोके जड होते, छातीत धडधडते, झोप येत नाही म्हणून किती बायका दवाखान्याच्या पायऱ्या चढतात आणि ताकदीच्या गोळ्या किंवा सलाईन घेऊन परत येतात, हे आपण रोज बघतो.

गोव्याच्या दवाखान्यांत काय घडले

डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात 'संगाथ' ही संस्था सुरू केली. आपल्या देशात लाखभर लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही येत नाही. मग तज्ज्ञांची वाट बघत बसायचे की आरोग्याचे कोणतेही शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसाला नीट शिकवून त्याच्याकडे हे काम सोपवायचे? यातला दुसरा मार्ग त्यांनी तपासून पाहिला. 'मानस' नावाने झालेला हा अभ्यास २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला.

त्यात २४ दवाखाने होते, १२ सरकारी आणि १२ खासगी. रुग्ण होते २,७९६. निम्म्या दवाखान्यांत समुपदेशक नेमले, निम्म्यांत नाही. कोणता दवाखाना कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले, कोणाच्या मर्जीने नाही. आपल्या आवडीचे, चांगले चालणारे दवाखाने निवडले असते तर गुण उपचाराचा की दवाखान्याचा हे कळलेच नसते. शिवाय चिठ्ठी रुग्णागणिक न टाकता दवाखान्यागणिक टाकली, त्यालाही कारण आहे. एकाच दवाखान्यात एका बाईला समुपदेशन दिले आणि तिच्या शेजारणीला नाही, तर दोघी बाकावर बसून बोलणारच. डॉक्टरही एकीसाठी शिकलेले दुसरीला सांगणारच. मग तुलना उरत नाही.

सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा समुपदेशक असलेल्या सरकारी दवाखान्यांत सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झालेले होते. समुपदेशक नसलेल्या सरकारी दवाखान्यांत ४२.५ टक्के. फरक मोठा आहे. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्हीकडे आकडा जवळपास सारखा आला: समुपदेशक असलेल्यांत ६४ टक्के, नसलेल्यांत ६६ टक्के.

या निकालावर आम्ही बराच वेळ थांबलो. उपचार तोच, प्रशिक्षण तेच, राज्यही तेच. तरी एका जागी गुण आला आणि दुसऱ्या जागी वेगळा फरक दिसला नाही. खासगी डॉक्टरांची रुग्णांशी जुनी ओळख असते, ते मुळातच जास्त वेळ देतात, त्यामुळे तिथे समुपदेशकाने भर पडली नसावी, असा अंदाज संशोधकांनी मांडला. सरकारी दवाखान्यात, जिथे गर्दी असते आणि डॉक्टरकडे मिनिटभराचा वेळ असतो, तिथे ऐकून घेणारे माणूस मिळाले की चित्र पालटले. आपली वस्ती कुठल्या दवाखान्यात जाते हे आपल्याला माहीत आहे. म्हणून 'हा उपाय चालतो का' एवढे विचारून भागत नाही. कुठे चालतो, कोणासाठी चालतो, तिथे काय होते म्हणून चालला, हेही विचारावे लागते. अंमलबजावणी संशोधन इथून सुरू होते.

सहा ते आठ भेटींचा उपचार

पुढे 'संगाथ'ने दोन छोटे उपचार घडवले. एक उदासीनतेसाठी, एक दारूसाठी. दोन्हींचे निकाल २०१७ मध्ये आले.

उदासीनतेचा उपचार साधा आहे, म्हणून थोडा उलगडून सांगतो. मन खचलेले माणूस हळूहळू घरात आकसत जाते. आधी शेजारी जाणे बंद होते, मग विहारात जाणे, मग वेणीफणीसुद्धा. काही केले नाही की मन आणखी खाली जाते, आणि मन खाली गेले की काहीच करावेसे वाटत नाही. हे चक्र विचारांनी तोडायला गेलो तर तुटत नाही. म्हणून समुपदेशक कृतीपासून सुरुवात करतो. तो 'मन प्रसन्न ठेवा' असा उपदेश करत नाही. पूर्वी काय करायला बरे वाटायचे ते विचारतो, आणि त्यातले सगळ्यात छोटे काम दिवस आणि वेळ ठरवून पुन्हा सुरू करायला मदत करतो.

आपल्या वस्तीत हे बोलणे कसे होईल?

"आक्का, मागे तुम्ही रविवारी वंदनेला यायच्या ना?"

"आता नाही होत गं बाई. चार माणसांत बसवत नाही."

"बरं, वंदना राहू दे. संध्याकाळी नळावर शांतामावशीबरोबर जाल? एकट्या नको, तिच्याबरोबर. मंगळवारी आणि गुरुवारी. पुढच्या भेटीत मला सांगा, त्या दोन दिवशी कसं वाटलं ते."

पुढच्या भेटीत खरोखर विचारायचे. जमले नाही तर का नाही ते शोधायचे. घरातली अडचण असेल तर ती सोडवण्याची एखादी वाट दोघांनी मिळून काढायची. अर्ध्या-पाऊण तासाच्या सहा ते आठ भेटी, आठवड्याला एक, घरी किंवा दवाखान्यात. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ जणांवर हे तपासले गेले. सगळे बऱ्यापैकी तीव्र उदासीनतेचे रुग्ण. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के उदासीनतेतून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. वर्षानंतर पुन्हा पाहिले तेव्हाही फायदा टिकलेला होता. आणखी एक गोष्ट नोंदवली गेली: समुपदेशन घेतलेल्या स्त्रियांना नवऱ्याकडून होणारी मारहाण तुलनेने कमी झाली.

दारूच्या उपचारात चारपर्यंत भेटी होत्या. त्यात ३७७ पुरुष होते. तीन महिन्यांनी समुपदेशन घेतलेल्यांपैकी ३६ टक्क्यांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले होते, न घेतलेल्यांपैकी २६ टक्क्यांचे. दारूला न शिवण्याचे दिवसही वाढले. मात्र जे पीत राहिले त्यांच्या पिण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही, आणि बायकोला होणारी मारहाण या उपचाराने कमी झाल्याचेही दिसले नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो. घरात मार खाणाऱ्या भगिनीला 'नवऱ्याची दारू सुटली की सगळे ठीक होईल' म्हणून वर्षानुवर्षे थांबवले जाते. या अभ्यासाने तसे वचन दिलेले नाही. मारहाणीवर वेगळी मदत मागावीच लागेल.

पीठ तेच, थापण्याची तऱ्हा वेगळी

आता अवघड भाग. गोव्यात अकरा समुपदेशकांनी केलेले काम शेकडो आशाताईंनी करायचे, तर दर्जा कसा राखायचा? दर आठवड्याला तज्ज्ञ कुठून आणायचा?

गोव्यात यावर एक युक्ती तपासली गेली. रुग्णाची परवानगी घेऊन भेटीचे बोलणे रेकॉर्ड करायचे. मग समुपदेशकांनी एकत्र बसून ते ऐकायचे आणि ठरलेल्या तक्त्यावर एकमेकांना गुण द्यायचे: रुग्णाचे ऐकून घेतले का, छोटी कृती ठरवली का, मागच्या वेळच्या कामाची विचारपूस केली का. तीच रेकॉर्डिंग तज्ज्ञांनीही ऐकली. दहावी-बारावी शिकलेल्या समुपदेशकांनी एकमेकांना दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. म्हणजे नीट शिकवले आणि मोजण्याचे साधन हातात दिले तर साधी माणसेसुद्धा एकमेकांचे काम पारखू शकतात, त्यासाठी दर वेळी मोठ्या साहेबाची गरज पडत नाही. आमच्या दृष्टीने हा शोध मूळ उपचाराइतकाच मोलाचा आहे.

पण सगळेच जसेच्या तसे करायचे का? भाकरी कोणी परातीत थापते, कोणी पोळपाटावर, कोणी हातावर. पीठ, पाणी आणि तापलेला तवा मात्र लागतोच. तसेच उपचारातला कोणता भाग बदलला तरी चालेल आणि कोणता बदलला तर उपचारच राहत नाही, हे आधी ठरवावे लागते. उदाहरणे बदला, भाषा बदला, भेटीची जागा बदला. पण 'कृती ठरवणे आणि पुढच्या भेटीत तिची विचारपूस करणे' हा कणा काढून टाकला आणि नुसते सांत्वन ठेवले, तर तो गोव्यातला सिद्ध झालेला उपचार राहत नाही. कागदावर नाव मात्र तेच राहते. सरकारी योजनांत असे किती वेळा होते ते वाचकांना सांगायला नको.

शब्दांचेही तसेच. आपल्याकडे 'मानसिक आजार' म्हटले की लोकांना वेड्यांचे इस्पितळ आठवते. मुलीचे लग्न अडेल म्हणून घरचे तोंड उघडत नाहीत. 'टेन्शन आहे' म्हणायला मात्र कोणी लाजत नाही. आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी वस्तीतल्या आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर समुपदेशन सुरू केले. त्यांनी तिथल्या लोकांच्या तोंडचा शब्द वापरला, ज्याचा अर्थ 'फार विचार करणे' असा होतो. २४ दवाखाने आणि ५७३ रुग्ण घेऊन त्याची तपासणी झाली, २०१६ मध्ये निकाल आला आणि गुण स्पष्ट दिसला. तिथे आज्यांना मान आहे, म्हणून बाकावर आजी. आपल्याकडे ते माणूस कोण असेल हे आपल्यालाच विचारून ठरायला हवे.

अमरावतीची तीस गावे आणि सीहोर

विदर्भातल्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेला हा भाग. कार्यक्रमाने नावातच 'ताण' हा शब्द घेतला. गावातल्या कार्यकर्त्या घरोघरी गेल्या, छोट्या बैठका घेतल्या, दुःखात असलेल्यांना पहिला आधार दिला. त्यापुढची गरज असलेल्यांसाठी समुपदेशक होते आणि त्याहून जास्त त्रास असलेल्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ.

इथे मोजण्याची पद्धत वेगळी होती. दवाखान्यात आलेल्यांपैकी किती बरे झाले हे मुख्य मोजमाप नव्हते. कार्यक्रमाआधी आणि नंतर गावातल्या लोकांचे सर्वेक्षण केले, त्यात उदासीनता असलेले किती आढळले आणि त्यांतल्या किती जणांनी उपचार घेतला ते पाहिले. आधी शंभरातले चार जण उपचार घेत होते, दीड वर्षानंतर सत्तावीस. २०१७ मध्ये हा निकाल छापून आला. सहा पटीने वाढ, ही कौतुकाचीच गोष्ट. पण उरलेले ७३ जण त्यानंतरही घरातच होते, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. शिवाय इथे कार्यक्रम नसलेल्या गावांशी तुलना नव्हती, त्यामुळे सगळी वाढ कार्यक्रमामुळेच झाली असे गोव्यासारख्या खात्रीने म्हणता येत नाही. चांगल्या बातमीलाही हा प्रश्न विचारायची सवय आपण लावून घ्यावी.

मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यात त्याच काळात दुसरा प्रयत्न झाला. तिथे भर सरकारी आरोग्य केंद्रांवर होता. मात्र लोकवस्तीत जाऊन मोजले तेव्हा उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. केंद्रात सोय करून ठेवली म्हणून माणूस तिथे येतोच असे नाही. अमरावतीत कार्यकर्त्या दारापर्यंत गेल्या होत्या. दोन ठिकाणच्या निकालांत फरक पडण्याचे हे एक कारण असावे. ज्यांनी सीहोरचा हा फसलेला आकडा लपवला नाही त्यांचे आम्ही आभार मानतो. नाहीतर पुढच्या जिल्ह्यानेही तीच खोली बांधून कुलूप लावून ठेवली असती. सीहोरमध्ये पुढे आशाताईंना गोव्याचा उदासीनतेचा उपचार मोबाईलवरून शिकवता येतो का, की समोरासमोर बसूनच शिकवावा लागतो, यावरही अभ्यास हाती घेतला गेला.

या सगळ्यातून संशोधनाच्या काही पद्धती दिसतात. एक तुम्हाला लगेच कळेल. वस्तीत पाण्याचा एकच टँकर असेल तर गल्ल्यांना पाळीपाळीने पाणी देतात. तसेच कार्यक्रम सगळ्या केंद्रांत एकदम सुरू करता येत नसेल तर पाळी चिठ्ठी टाकून ठरवायची. सगळ्यांना शेवटी उपचार मिळतोच, पण ज्यांची पाळी अजून आली नाही त्यांच्याशी तुलना करून खरा फरकही कळतो. 'गरिबांना प्रयोगासाठी उपचारापासून वंचित ठेवले' हा आपला रास्त संशय इथे बराच कमी होतो. दुसरी पद्धत एकाच अभ्यासात दोन प्रश्न विचारते: रुग्णाला गुण आला का, आणि कर्मचाऱ्यांना हे रोजच्या कामात झेपले का. उपचार आधी सिद्ध करू, पोहोचवायचे नंतर बघू, असे करण्यात वर्षे जातात. अमेरिकेत २००० साली झालेल्या एका मोजणीनुसार संशोधनाचा थोडासाच भाग रुग्णापर्यंत पोहोचायला सरासरी सतरा वर्षे लागत होती. सतरा वर्षांत एक पिढी दारूत जाते.

आकड्यांबरोबर माणसांशी बोलणेही लागते, आणि खास करून त्यांच्याशी, जे दुसऱ्या भेटीला आलेच नाहीत. का आला नाहीत? रोजंदारी बुडते. दहा बाय दहाच्या खोलीत सासूसमोर काय बोलणार? समुपदेशक आपल्याच गल्लीतली आहे, ती चार घरी सांगेल. किंवा याउलट, ती दुसऱ्या वस्तीतली आहे, आमच्या घरचे पाणी घेत नाही, तिच्यापुढे मन कसे मोकळे करू? ही शेवटची दोन कारणे एकमेकांच्या विरुद्ध आहेत आणि दोन्ही खरी आहेत. कार्यालयात बसून यांतले एकही कळत नाही. आम्हाला विचाराल तर वस्तीतल्या कार्यक्रमाची आखणी करताना ही यादी सगळ्यांत आधी व्हायला हवी.

आणि एक मर्यादा स्पष्ट म्हटली पाहिजे. घर पाडण्याची नोटीस आली आहे, मुलाला नोकरी नाही, सावकार दारात आहे, अशा टेन्शनवर सहा भेटींचे समुपदेशन पुरे पडणार नाही. ते खचलेल्या माणसाला उभे राहायला बळ देईल, नोटीस मागे घेणार नाही. त्या लढ्याला दुसरा पर्याय नाही.

शिबिरवाल्यांना काय विचारायचे

रसेल ग्लासगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कोणत्याही आरोग्य कार्यक्रमाला लावायची एक पट्टी सुचवली. गरज असलेल्यांपैकी किती जणांपर्यंत पोहोचले, त्यांना गुण आला का, किती दवाखान्यांनी ते स्वीकारले, ठरल्याप्रमाणे झाले का, आणि पैसा संपल्यावर टिकले का. आमच्या समाजमंदिरातले शिबिर या पट्टीवर धरले तर पहिल्याच प्रश्नाला अडखळते, कारण पिणारा एकही समोर नव्हता. पण ही पट्टी आपल्यापैकी कोणालाही वापरता येते. पुढच्या वेळी कोणी बॅनर घेऊन आले तर सत्काराच्या आधी विचारावे: पुढची भेट कोणत्या तारखेला? रात्री आठनंतर, पुरुष घरी असताना याल का? हा उपचार आधी कुठे तपासला आहे? तुमच्या माणसाचे काम कोण पारखते? आलेल्यांची संख्या लिहाल, पण न आलेल्यांची कोण लिहील? आणि वस्तीवस्तीचे आकडे वेगळे काढून आम्हाला परत दाखवाल का? जिल्ह्याच्या सरासरीत आपली वस्ती नेहमी हरवते.

आशाताईंना मात्र या प्रश्नांनी घेरू नये. लसीकरण, बाळंतपण, टीबी, सर्वेक्षण, सगळे त्यांच्या डोक्यावर आहेच. त्यात मनाच्या आजाराचे काम वाढवायचे तर मानधन आणि वेळ दोन्ही द्यावे लागतील, हा प्रश्न वरच्यांना विचारायचा आहे.

तोवर ज्या घरात आज त्रास आहे त्यांच्यासाठी. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर कोणत्याही वेळी लावा आणि मराठीत बोलायचे आहे असे सांगा. जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा विचार कोणी बोलून दाखवला तर ते हसण्यावारी नेऊ नका, त्या व्यक्तीला एकटे सोडू नका, उंदराचे औषध, फवारणीचे औषध घरातून लांब ठेवा आणि फोन लावा किंवा सरकारी रुग्णालयात न्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे सरकारी सेवेत मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, तेव्हा 'इथे ते होत नाही' असे उत्तर मिळाले तर कुठे होते ते लिहून मागा. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीतही मानसिक आरोग्य आहे.

दारूबद्दल एक सूचना. वर सांगितलेला गोव्याचा उपचार धोकादायक प्रमाणात पिणाऱ्यांसाठी होता, सकाळी उठल्याउठल्या हात थरथरतात म्हणून पिणाऱ्यांसाठी नव्हता. अशा माणसाची दारू घरच्यांनी कोंडून एकदम बंद करू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी रुग्णालयात न्या, तिथे औषधे देऊन सुरक्षितपणे दारू सोडवता येते. कागदपत्रांची जुळवाजुळव करायची असेल किंवा बरोबर कोणी यायला हवे असेल, तर रविवारी वंदनेनंतर विहारात आम्हाला भेटा. नाव कुठेही लिहिले जाणार नाही.